साठांच्या यादींत एकसष्टावें नांव कैसें आलें, त्याची बखर

श्री शारदा समर्थ असो, विजेचा खांब उभा असो, तारेंत प्राण असो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भाद्रपद मास, ते समयींचें वर्तमान. सेवेसी विनंती ऐसीजे. हुजुरांकडील तपासनीस संस्थानांत येऊन यादी पाहते जाहले आणि पुसते जाहले जे, कॉलेजचे वर्गांत विद्यार्थी साठ, यंत्रांत नांवें एकसष्ट, हें एकसष्टावें माणूस कोण, कोठील, आणि कोणी घुसविलें? सात दिवसांत खुलासा करणें. त्यावरून हा खुलासा लिहिला असे. थोडक्यांत लिहावा ऐसी आज्ञा होती. परंतु थोडक्यांत लिहिलें म्हणजे सर्व दोष चिटणीसाचे माथीं येतो, म्हणून सविस्तर लिहिला.

संस्थानचे राजे म्हणजे प्राचार्यसाहेब. त्यांणीं वद्य प्रतिपदेस, सोमवारीं, दरबार भरविला आणि फर्माविलें जे, आजवर विद्या फळ्यावर होती ती आतां अधांतरीं एका गडावर गेली आहे, त्या गडास ऑनलाइन म्हणतात, बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या साठही शिलेदारांनीं शुक्रवारीं दुपारीं एक वाजावयाचे आंत गडांत दाखल व्हावें आणि 'आहार व पोषण' हा अभ्यासक्रम धरावा, त्याचे क्रेडिट दोन, आणि जो बाहेर राहील त्याचें वर्ष राहील. मोहिमेचें सेनापतिपद वाघचौरे मॅडम यांस दिलें. मॅडमांस गड कोठें आहे हें ठाऊक नव्हतें, तरी त्यांणीं विडा उचलिला, कारण नाहीं म्हणावयाची सोय नव्हती. आणि यादी चढवावयाचें काम चिटणीसाकडे आलें. चिटणीस म्हणजे कार्यालयांतील क्लार्क, नोकरी अठ्ठावीस वर्षें, अक्षर मोत्यासारखें, स्वभाव किंचित तापट ऐसें लोक म्हणतात, लोकांस काय, लोक कांहींही म्हणतात.

मग मंगळवारीं स्वारी निघाली. साठही जण संगणकांचे दालनांत जमले आणि गडाच्या दरवाजाशीं जाऊन उभे राहिले. दरवाजानें पुसिलें, पहिलें नांव काय आणि शेवटलें नांव काय. ज्यानें त्यानें आपलें लिहिलें. दरवाजा म्हणाला, ऐसें कोणी यादींत नाहीं. मग मोठ्या अक्षरांत लिहिलें, मग लहान अक्षरांत लिहिलें, मग एका शहाण्यानें प्राचार्यसाहेबांचेंच नांव लिहून पाहिलें, तरी दरवाजा म्हणे, ऐसें कोणी नाहीं. बुधवार गेला. गुरुवारीं मॅडम चिटणीसास म्हणाल्या, "तुमच्या यादीत काहीतरी घोळ आहे." चिटणीस म्हणाला, "मॅडम, अठ्ठावीस वर्षांत माझ्या यादीत काना-मात्रा चुकलेली नाही. घोळ यंत्राचा." आणि ऐसें म्हणून तो चहा घेऊं लागला. हें वर्तन पुढें त्याचे अंगाशीं आलें.

आतां साठांत एक मुलगी होती, तिचें नांव तेजल डोईफोडे. मुलींचे वसतिगृहांत राहात होती. गांव तेथून साडेतीन तासांवर, दिवसांतून एक एसटी. वसतिगृहाचा कायदा ऐसा जे, वर्ष राहिलें कीं खोली जाते. आणि खोली गेली म्हणजे तेजलेचें शिक्षण गेलें, कारण रोज येऊन-जाऊन शिकणें त्या गांवाहून होणें नाहीं. इतर एकोणसाठांस क्रेडिट जाण्याची भीति होती, तिला कॉलेजच जाण्याची होती. तिची माता कालिंदाबाई गांवचे शाळेंत पोरांची खिचडी शिजवीत, आणि फोन शाळेच्या खिडकींत ठेवीत, कारण सबंध गांवांत रेंज तेवढ्या खिडकींत येत असे.

शुक्रवारीं, वद्य पंचमीस, सकाळीं तेजलेस गडावरून एक मेल आला. त्यांत लिहिलें होतें, 'प्रिय डोईफोडे कालिंदा, आपण अद्याप प्रवेश केला नाही.' ती चकित जाहली आणि मातेस फोन करून पुसती जाहली, "आई, तू कुठं नाव नोंदवलंस का गं? तुझ्या नावानं मेल आलाय, माझ्याकडं."

माता म्हणाली, "मी कशाला नोंदवू बाई? बचत गटात तेवढं आहे नाव. कुणी फसवत तर नाही ना?"

आणि बोलतां बोलतां तेजलेचे ध्यानांत आलें. ती धांवत कार्यालयांत आली आणि चिटणीसास म्हणाली, "सर, यादीत माझं नाव कसं लिहिलंय?" चिटणीसानें रजिस्टर उघडून ठसक्यांत वाचिलें, "डोईफोडे तेजल भीमराव कालिंदा. आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आईचं. नियमच आहे." तेजल म्हणाली, "हो सर. आणि यंत्रानं पहिलं नाव आणि शेवटचं नाव मागितलं, तेव्हा तुम्ही काय भरलंत?" यावर चिटणीसाचा चहा निवला. कारण त्यानें पहिलें तें पहिलें भरिलें होतें आणि शेवटलें तें शेवटलें. डोईफोडे हें पहिलें, कालिंदा हें शेवटलें. हुजुरांनींच निवाडा करावा, यांत खोटें काय होतें? परंतु ऐसें करितां साठ शिलेदारांऐवजीं साठ मातोश्री गडाचे यादींत बसल्या होत्या आणि गड चार दिवस त्यांचीच वाट पाहात होता.

मॅडमांनीं डोकें धरिलें. दुरुस्ती मागवावी तर वरून मंजुरीस आठवडा लागणार, आणि घड्याळांत साडेअकरा जाहले होते. मग मसलत ठरली जे, आज आपापल्या आईच्या नांवानें आंत शिरावें, नांव मागून दुरुस्त करावें. तेव्हां दालनांत एकच गलबला जाहला, रजिस्टर उघडून पाहावें हें कोणास सुचलें नाहीं. ज्यांस आईचें नांव नीट लिहितां आलें ते शिरले. एकानें चार वेळां 'सुमन' लिहिलें आणि चार वेळां हाकलला गेला, मग घरीं फोन केला तेव्हां कळलें जे सुमन हें माहेरचें, लग्नांत बदलून वैजयंता ठेविलें होतें, आणि हें त्यास एकोणीस वर्षांत कोणी सांगितलें नाहीं, त्यानेंही पुसिलें नाहीं. दुसऱ्या एकास तर 'पिंट्याची आई' यापलीकडे कांहींच ठाऊक नव्हतें, आणि पिंट्या तो स्वतः. ऐसें करीत साडेबारापावेतों एकोणसाठ जण आंत गेले आणि तेजल बाहेर राहिली.

कारण ऐसें जे, नांवानंतर गड सहा आंकड्यांची परवल मागत असे, आणि ती परवल प्रवेशअर्जांतील फोनवर जात असे. तेजलेच्या अर्जांत फोन मातेचा होता. माता खिडकींत उभी राहून आंकडे वाचूं लागली, "एकोणसाठ, अठ्ठेचाळीस, तेवीस." तेजलेनें लिहिलें सहा नऊ, चार आठ, दोन तीन. गड म्हणाला, चूक. पुनः परवल मागविली. माता म्हणाली, "एकोणऐंशी, बारा, चौतीस." तेजलेनें लिहिलें आठ नऊ. गड म्हणाला, चूक, आतां एकच संधी राहिली, तिसऱ्यांदा चुकल्यास दरवाजा उद्यांपर्यंत बंद. घड्याळांत एकास दहा मिनिटें कमी होतीं. तेजलेचे डोळ्यांत पाणी आलें आणि ती म्हणाली, "आई, तू बरोबर वाचतेस ना?" माता म्हणाली, "जे दिसतंय तेच वाचते गं." आणि तें खरेंच होतें. हल्लींचे लेंकरांस एकोणसाठ म्हटलें कीं साठ तेवढें ऐकूं येतें आणि हात सहा लिहितो, त्यांतलें उणें कानांत राहात नाहीं.

चिटणीस मागें उभा होता. त्यास कोणी बोलाविलें नव्हतें, तो आपला उभा होता. त्यानें हात पुढें केला आणि म्हणाला, "इकडे दे फोन." आणि फोनांत म्हणाला, "बोला ताई."

"कोण बोलतंय?"

"कॉलेजातला क्लार्क. ज्यानं तुमचं नाव घातलं तो."

"बरं. लिहा मग भाऊ, सावकाश सांगते. एकोणतीस, शहात्तर, एकोणपन्नास."

चिटणीसानें दोन नऊ, सात सहा, चार नऊ ऐसें कागदावर लिहिलें, दोन वेळां वाचून दाखविलें, मातेनें दोन वेळां हो म्हटलें, मग तेजलेनें आंकडे दाबिले. एकास चार मिनिटें कमी असतां दरवाजा उघडला. मॅडम खुर्चींत बसल्या. पडद्यावर अक्षरें आलीं तीं तेजलेनें फोनांत वाचिलीं, "डोईफोडे कालिंदा, आपलं स्वागत आहे. आपण आता विद्यार्थी आहात."

मग माता म्हणाली, "परत वाच." तेजलेनें परत वाचिलें. "मला तर सातवीतून काढलं होतं," माता म्हणाली, आणि मग म्हणाली, "ठेवते, खिचडी खाली लागली." चिटणीसास तेव्हां अठ्ठावीस वर्षांत प्रथमच आपल्या चुकीचें बरें वाटलें, आणि बरें वाटलें याची लाजही वाटली.

दुसरे दिवशीं शनिवार. सकाळची शाळा उरकून कालिंदाबाई एसटीनें आल्या आणि चपला बाहेर काढून कार्यालयांत उभ्या राहिल्या. हातांत शेंगांची पिशवी. म्हणाल्या, "भाऊ, ते नाव बघायचं होतं." चिटणीसानें गड उघडून दाखविला. त्या बराच वेळ पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "आता पुसणार ना हे?"

"पुसावं लागेल ताई. नाहीतर मार्क तुमच्या नावावर जातील, पोरीच्या नाही."

"पुसा पुसा. लेकीचंच लावा," माता म्हणाली. आणि मग पुसती जाहली, "आत काय शिकवतात, ते बघायला चालतं का?"

चालतें किंवा नाहीं याचा नियम कोठें लिहिलेला नाहीं. चिटणीसानें पहिला धडा लाविला. पडद्यावरील बाई मराठींत भाज्या आणि कडधान्यें यांविषयीं सांगत होत्या. बावीस मिनिटें माता उभ्यानें ऐकत राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाहीं. शेवटीं यंत्रानें प्रश्न केला, भाजी आधीं चिरून मग धुवावी, कीं आधीं धुवून मग चिरावी? माता हंसली. म्हणाली, "हे काय विचारणं झालं? धुऊन मग चिरायची. नाहीतर सत्त्व सगळं पाण्यात." तेजलेनें तें दाबिलें आणि यंत्र म्हणालें, बरोबर. मातेनें पदरानें तोंड पुसलें, शेंगांची पिशवी चिटणीसाचे मेजावर ठेविली आणि परतीची एसटी धरावयास निघून गेली.

आठवड्यानें मंजुरी आली. चिटणीसानें एकोणसाठ ओळी पुसून दुरुस्त केल्या. साठावी ओळ कालिंदाबाईंची आली तेव्हां ती पुसली नाहीं, आणि तसें त्यांस फोनवर कळविलें. तिचे खालीं एक जादा ओळ घातली आणि तींत तेजल डोईफोडे हें नांव, पहिलें तें पहिलें आणि शेवटलें तें शेवटलें, नीट लिहिलें.

तात्पर्य इतकेंच. साठ विद्यार्थी दाखल आहेत, कोणाचें वर्ष गेलें नाहीं, वसतिगृहांतील खोली कायम आहे. यंत्रांतील हिशेब पाहतां पंचेचाळीस जण अद्याप दुसऱ्या धड्यावर आहेत, तेजल सातव्यावर आहे, आणि एकसष्टावी शाळेच्या खिडकींत उभी राहून अकरावा पुरा करिती जाहली. तें नांव पुसावें ऐसी आज्ञा असल्यास हुजुरांनीं येऊन स्वहस्तें पुसावें. चिटणीसाचे हातून होणार नाहीं. लेखणी त्याची, चूकही त्याचीच, आणि ही तो दुरुस्त करीत नाहीं. हे विज्ञापना.