बसम्माच्या घरची फवारणी

फवारणीवाला आला तरी चालेल, पण तो आला हे गल्लीत कोणाला कळता कामा नये, अशी बसम्माची अट होती. तिचंही बरोबर होतं म्हणा. सोलापुरातल्या त्या गल्लीत स्वच्छतेवर बोलण्याचा मक्ता तिच्याकडे होता. दारात आलेल्या माणसाच्या तोंडाआधी ती त्याचे पाय बघायची. समोरच्या गोजरबाईला तर तिने भर हळदीकुंकवात भांडी कशी घासावीत ते शिकवलं होतं. अशा बाईच्या घरात ढेकूण व्हावेत, त्यापेक्षा चोर शिरलेला परवडला. चोर निदान सकाळपर्यंत निघून तरी जातो.

ऊन दाखवून झालं, रॉकेल ओतून झालं, पावडरी झाल्या. ढेकणांनी सगळं पचवलं. दोन्ही भावांना, म्हणजे नवऱ्याला आणि दिराला, बसम्माने डास आहेत म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि ते बिचारे डासांना शिव्या देत झोपत होते. पुरुषांच्या पोटात काही राहत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेवटी धाकट्या जावेने, शिवलीलाने, महापालिकेत फोन लावला. तिथल्या हारूनभाईंनी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. खाटा, गाद्या, भांडी, कपडे, झाडून सगळं बाहेर काढायचं. एका खोलीचं सामान दुसऱ्या खोलीच्या सामानाला लागू द्यायचं नाही, नाहीतर इकडचे ढेकूण तिकडे जातात. फवारल्यावर चार तास घर बंद. आणि यायची वेळ म्हणाल तर दहा ते पाचच्या मध्ये, हातातलं काम उरकेल तशी.

एवढं झाल्यावर बसम्माने फोन ओढून घेतला आणि नाव नसलेली गाडी आणा म्हणाली.

“बाई, गाडीवर पालिकेचं नाव रंगवल्यालं हाय,” हारूनभाई म्हणाले. “आता ते पुसून आणू काय?”

मग असं ठरलं की गाडी कोपऱ्यावर लावायची, पंप पोत्यात घालून आणायचा, आणि दारात माणसं दिसली तर मुळीच पुढे यायचं नाही. हारूनभाईंनी नोकरीत नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. ते बरं म्हणाले.

ठरल्या दिवशी थोरला मल्लप्पा टॉवेलच्या कारखान्यात गेला, धाकटा रेवणसिद्ध मार्केट यार्डात गेला, आणि दोघी जावांनी पदर खोचले. दाराच्या उजव्या अंगाला थोरल्यांचं सामान, डाव्या अंगाला धाकट्यांचं, मध्ये चांगली हातभर मोकळी जागा. सगळं निघाल्यावर दोघी आपापल्या ढिगाजवळ राखण करत बसल्या. बोलायची चोरी, कारण बोललं की ढेकणांचं निघणार. तेव्हा एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला.

आता आपल्याकडे अख्खं घर बाहेर कधी येतं? नवरात्राच्या आधी धुण्याला, नाहीतर लग्नाच्या रंगाला. महिना होता माघ आणि घरात लग्नाचं कोणी नव्हतं. मग उरतं काय? त्यात दोन ढीग वेगळे, मध्ये फट, आणि दोघी जावा पाठमोऱ्या. आंधळ्यालाही कळलं असतं की भाऊ वेगळे निघालेत.

गल्लीला कळलंच. पहिल्यांदा कळलं ते तात्याबांना. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून गल्लीतली भांडणं मिटवणं हे त्यांनी काम धरलं होतं, आणि अलीकडे मेलं कोणी भांडतच नव्हतं. ते चटई काखेत मारूनच आले. बसम्माला त्यांनी हे काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, आवराआवर. माघात कसली आवराआवर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तिने खाली मान घातली. तात्याबांनी त्या मानेचा अर्थ लावला, चटई अंथरली आणि दोन्ही भावांना फोन केला की घर फुटतंय, असाल तसे या.

तासाभरात दारात जत्रा भरली. बाया दाटीने उभ्या, गोजरबाई सगळ्यात पुढे. मल्लप्पा आला तो धाकट्यावर डाफरतच, की वेगळं व्हायचं होतं तर तोंडाने सांगायचं होतंस. रेवणसिद्ध म्हणाला, मी कशाला, तुम्हीच मला काढलंत. दोघांनाही भरून आलं. शिवलीला बसम्माकडे डोळे मोठे करून बघत होती, की अक्का, आता तरी बोला. अक्का कपाटाच्या कडीकडे बघत होती.

तात्याबांनी सगळ्यांना गप्प केलं आणि सरळ विचारलं, “बसम्मा, सगळ्यांदेखत सांग. तुला वेगळं ऱ्हायाचं हाय का?”

बसम्माच्या एका बाजूला घर होतं आणि दुसऱ्या बाजूला गोजरबाईचे टवकारलेले कान. एक शब्द बोलली असती तर घर वाचत होतं. पण तो शब्द ढेकूण होता. बसम्माने होकाराची मान हलवली.

बाया हळहळल्या. वाटणी सुरू झाली. मल्लप्पा म्हणाला, मोठा पलंग धाकट्याला द्या, त्याची पाठ दुखते. धाकटा म्हणाला, छे, पलंग दादालाच. असं प्रेम गल्लीने पाहिलं नव्हतं. तात्याबांनी दोनदा डोळे पुसले. पलंगावर पाणी सोडायला दोघे तयार होते आणि पलंगातले ढेकूण दोघांकडेही जायला तयार होते. बसम्माच्या कपाळाला घाम फुटला, पण तिने ओठ मिटून धरले.

मग रेवणसिद्ध उठला. हा दीर बसम्मा लग्न होऊन आली तेव्हा शाळेत होता. त्याला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं, तापात त्याच्या उशाशी तीच बसली होती. तो येऊन तिच्या पाया पडला.

“वैनी, मला भांडं नको, कुंडं नको,” तो म्हणाला. “तुमी शिवल्याली ती वाकळ तेवढी द्या. तुमची आठवन ऱ्हाईल.”

आणि त्याने थोरल्यांच्या ढिगातली ती जुनी जाड वाकळ उचलली, छातीशी कवटाळली आणि तिच्यात तोंड खुपसून रडायला लागला. ढेकणांचं मूळ गाव तेच होतं.

अब्रू गेली चुलीत, असं बसम्माला पहिल्यांदाच वाटलं.

“टाक ती खाली!” ती ओरडली. “ढेकणं हायत तिच्यात. समद्या घरात हायत. म्हनून सामान काढलंय, कोन वेगळं होत न्हाय.”

रेवणसिद्धने वाकळ टाकली. बसम्मा डोळे मिटून उभी राहिली, की आता हसा काय हसायचं ते.

कोणी हसलं नाही. गोजरबाई म्हणाली, “आत्ता गं बया. आमाला वाटलं ढेकणांपायीच वेगळं व्हायलाय.”

“तुमाला म्हाईत होतं?”

“गल्लीला म्हाईत हाय. तुमच्याकडं आल्यावर कोन टेकलंय का कधी, आठवा बरं.”

बसम्माने आठवून बघितलं. हळदीकुंकवाला बाया उभ्या उभ्या कुंकू लावून निघायच्या. चहासुद्धा दारातच प्यायच्या. माझ्यापुढे बसायची कोणाची छाती होत नाही, असं तिने मंद्रूपच्या बहिणीला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात ढेकणांचं नाव ऐकून गर्दीतून वाट काढत हारूनभाई आले, हातात पोतं. ते मघापासून कोपऱ्यावर होते. दारात माणसं, बाया डोळे पुसताहेत, म्हातारे चटईवर. त्यांना वाटलं मयत झालीय. मग ते टोपी काढून गाडीशेजारी उभे राहिले होते. आता फवारू का, म्हणून त्यांनी हळूच विचारलं.

“फवारा,” बसम्मा म्हणाली, “आनि पंप पोत्यातनं भाईर काढा.”

घर चार तास बंद झालं. तात्याबा खट्टू होऊन चटई गुंडाळायला लागले, तेवढ्यात गोजरबाईने सगळ्यांना आपल्या ओट्यावर चहाला बोलावलं. दोघे भाऊ एकाच सतरंजीवर खेटून बसले. शिवलीला बसली, बाया बसल्या. बसम्मा तेवढी कप हातात घेऊन कडेला उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. आपल्या अंगावरून एखादा उतरून यांच्या घरात गेला तर, ही धास्ती तिला होती.

गोजरबाईने तिच्या हाताला धरून खाली ओढलं.

“बसा वो,” ती म्हणाली. “आमच्या घरात हायत ती बी तुमचीच हायत.”

बसम्मा मुकाट्याने बसली आणि हारूनभाईंना हाक मारून म्हणाली, की आमचं झालं की समोरचंही घर घ्या.