पंचूमामांच्या गाडीतली डावी सीट

आमच्या गल्लीत पंचूमामांच्या दारावरून जायचं तर एक कर भरावा लागतो. त्यांच्या उभ्या गाडीत पुढे, डाव्या बाजूला बसायचं, पट्टा लावायचा, डोळे मिटायचे आणि ते विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. प्रश्न एकच असतो. "भय वाटतंय?"

दूधवाला बसला आहे. गॅस आणणारा बसला आहे, सिलिंडर रस्त्यात ठेवून. राजवाड्याचा रस्ता विचारायला थांबलेलं एक परदेशी जोडपं बसलं आहे, आळीपाळीनं. मी किती वेळा बसले त्याचा हिशेब नाही. मला 'नको' म्हणता येत नाही, हे माझ्या आईबाबांच्या आधी मामांनी ओळखलं.

"नाही वाटत," असं म्हटलं की मामा वरच्या खिडकीकडे तोंड करून ओरडतात, "कनका! ऐकलीस? मैथिलीलासुद्धा वाटत नाही!"

वरून उत्तर येत नाही. कधी कुकरची शिट्टी येते. मामा तीच होकार म्हणून धरतात.

पंचापकेशराव हे त्यांचं पूर्ण नाव. वीज खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या समोरच्या घरात राहणारे. नात्यानं आमचे कोणी नाहीत, पण आमच्या गल्लीत सगळेच मामा आणि सगळ्याच मामी. कनकामामी म्हणजे त्यांची बायको. या दोघांमध्ये ही पांढरी गाडी येऊन उभी राहिली, तिची ही गोष्ट.

पापनाशमच्या एका लग्नाहून दोघं परत येत होती. पुढे बस होती. बस थांबली, मामांची गाडी थांबली नाही. डावी बाजू बसखाली गेली. मामींच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, डावा हात दोन ठिकाणी मोडला. मामांच्या नाकाला त्यांच्याच चष्म्यानं ओरखडा पडला.

"बस एकदम थांबली," असं मामा आजही सांगतात.

"बस थांबतेच. तिचं कामच ते," असं मामी एकदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

विमा कंपनीचा माणूस येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला आणि त्यानं लिहिलं, 'टोटल लॉस'. म्हणजे दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. कंपनी पैसे देणार आणि सांगाडा मोडीत जाणार. दुसऱ्या कोणीही पैसे घेऊन दुसरी गाडी आणली असती. मामा भडकले.

"मेली म्हणून हा कोण ठरवणार? कसाला? यानं नाडी तरी बघितली?"

त्यांनी सांगाडा स्वतःकडे ठेवून घेतला. तो पोलीस ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत पडला होता. रात्रीतून कोणी चाक काढून नेईल, या भीतीनं मामा छत्री आणि फ्लास्क घेऊन तिथं जाऊन बसायचे. हॉस्पिटलात मामींजवळ माझी आई बसायची, कॉलेजनंतर मी. दार वाजलं की मामी विचारायच्या, "आले काय?" नर्स असायची. पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं. त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या.

गाडी सेल्वम मेकॅनिककडे गेली आणि तिथं फार दिवस राहिली. मामी घरी आल्या तेव्हा ती अजून तिथंच होती. बॉनेट तिरुचीहून आलं, डावं दार दुसऱ्याच एका मेलेल्या गाडीचं. त्यामुळे गाडी दह्यासारखी पांढरी आणि ते दार इडलीसारखं. सेल्वम रंग मारून देतो म्हणाला तर मामा म्हणाले, "राहू दे. जखम दिसली पाहिजे." मामी तेव्हा डाव्या खांद्यावर पदर दोनदा गुंडाळून घ्यायच्या. त्यांची जखम त्यांना दाखवायची नव्हती.

गाडी चालू लागली. मामींनी मात्र तिच्यात पाऊल ठेवलं नाही. तिच्यात नाही आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीत नाही. पाय नेतील तेवढंच त्यांचं जग झालं. देऊळ, भाजी, आमचं घर. त्यांची थोरली बहीण तिरुवैयारुला असते. तिकडचं जाणं बंद झालं.

मामांनी ठरवलं की फुल कव्हर मिळवायचं. दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा कोणीही देत होतं. मामांना तो नको होता. त्यांना स्वतःच्या गाडीचा पूर्ण विमा हवा होता.

"मी सांगितलेलं कनका ऐकणार नाही," ते मला म्हणाले. "कंपनी म्हटली की ऐकेल. मैथिली, कंपनी कोणावर फुकट विश्वास ठेवत नाही. तिनं ठेवला म्हणजे गाडी खरी बरी झाली."

मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ईमेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मामा ओसरीवर येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे. "'मी शॉक्ड आहे' इथून सुरू कर." मी 'कृपया माहिती द्यावी' इथून सुरू करायचे. ते वाचून म्हणायचे, "यात माझा राग कोठ गेला?"

"मामा, रागानं विमा मिळत नाही."

"मग तुझ्या कृपयानं तरी कोठ मिळाला?"

खरंच मिळत नव्हता. प्रत्येक कंपनीच्या नोंदीत ती गाडी मेलेली होती. एकदा फोनवरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, ही गाडी आता अस्तित्वात नाही." मामांनी फोन हातात धरून गाडीचं दार उघडलं आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. सगळी गल्ली बाहेर आली. "मग हे कोण ओरडतंय, अम्मा?" त्यांनी विचारलं. फोन केव्हाच बंद झाला होता.

याच काळात तो कर सुरू झाला. कंपनी ऐकत नाही तर निदान गल्लीनं साक्ष द्यावी, असं त्यांचं म्हणणं. लोक हसत बसायचे, हसत उतरायचे. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "सार, गाडीपेक्षा तुमचंच भय वाटतंय." मामा तेही "नाही"च्या खात्यात धरायचे आणि खिडकीकडे ओरडायचे.

शेवटी एका कंपनीनं तपासायला माणूस पाठवला. माझ्याच वयाचा. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले, बॉनेटखाली वाकून चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेली छाप जपून घडी केली. जायला निघाला तर मामांनी त्याला दंडाला धरून डाव्या सीटवर बसवलं.

"डोळे मिट, तंबी. भय वाटतंय?"

तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "सार, त्याचा कॉलम नाही."

पॉलिसी आली. मी ती छापून नेऊन दिली. मामांनी तिला कुंकू लावलं, देवापुढे ठेवली आणि त्या रात्री जेवले नाहीत, असं मामींनीच आईला सांगितलं. लहान मुलगा सहलीच्या आदल्या रात्री जेवत नाही तसं. पुढच्या आठवड्यात तिरुवैयारुला मामींच्या बहिणीच्या नातवाची मुंज होती. मामांनी परस्पर कळवून टाकलं, आम्ही दोघं गाडीनं येतो.

त्या सकाळी चाकांखाली लिंबं ठेवली होती. मामा इस्त्रीच्या शर्टात, डावं दार उघडून उभे. मामी रेशमी लुगडं नेसून खाली आल्या. हातात डब्याची पिशवी. गल्ली काही ना काही निमित्तानं बाहेर उभी होती. मीही होते. मामींनी मला सोबत यायला सांगितलं होतं.

"बैस, कनका," मामा म्हणाले. "फुल कव्हर आहे."

मामी पायरीवरच थांबल्या.

"अस्क गल्लीला, दूधवाल्यापासून सगळ्यांना विचारलांत, भय वाटतंय काय म्हणून," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. "मला विचारलांत?"

"तुला काय विचारायचं? तुझ्यासाठीच तर केलं सगळं."

"गाडीला बघायला माणूस आला. फिरून बघितलं, फोटो काढले. हात माझा मोडला. तो बघायला तुम्हीसुद्धा आला नाहीत."

इस्त्रीवाल्यानं मान खाली घातली. मामांचा हात दारावरच होता. तोंड उघडलं, पण ओरडायला वरची खिडकी रिकामी होती. ज्यांच्याकडे बघून ओरडायचं त्या समोरच उभ्या होत्या.

"चल, मैथिली," मामी म्हणाल्या.

आम्ही जुन्या बसस्टँडपर्यंत चालत गेलो. टाऊन बस बायकांना फुकट. "हिला पॉलिसी लागत नाही," मामी म्हणाल्या, आणि चढताना उजव्या हातानं दांडा धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मी मागून आधार दिला. बसल्यावर त्यांनी समोरच्या सीटचा दांडा सोडला नाही. मी पिशवी मांडीवर घेतली.

बस वडवार नदीच्या पुलावर आली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. पांढरी गाडी. डावं दार इडलीसारखं. मामा स्टिअरिंगला चिकटून बसले होते. बस थांबली की ते थांबायचे, निघाली की निघायचे. त्यांच्या मागे रिक्षा, टेम्पो, मोटरसायकली हॉर्न वाजवत तुंबल्या होत्या. पुढे जायला रस्ता मोकळा होता तरी ते जात नव्हते. कंडक्टर बाहेर डोकावून म्हणाला, "कोण आहे हा? बस विकत घ्यायचीय काय याला?" सगळे हसले.

मामी वळल्या नाहीत. पुढची वेण्णार नदीही मागे पडली. मग समोर बघतच त्यांनी विचारलं, "येतायत?"

"येतायत."

"किती मागं?"

मी पुन्हा पाहिलं. "पुष्कळ. मध्ये आणखी एक बस मावेल."

त्यांनी डाव्या खांद्यावरचा पदर नीट केला. "एवढं अंतर त्या दिवशी ठेवायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

तिरुवैयारुला बस थांबली. मी आधी उतरले. मामा पायरीशी उभे होते. गाडी रस्त्याच्या कडेला वेडीवाकडी सोडून धावत आले असावेत, धाप लागली होती. त्यांनी हात पुढे केला. डाव्या हातानं मामींना दांडा धरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं तर.

मामींनी त्या हाताकडे बघितलं आणि त्यात डब्याची पिशवी दिली. मग माझा खांदा धरून उतरल्या आणि चालू लागल्या.

मामा पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून मागून आले. गाडीकडे त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. तिला कुलूप लावायचंही राहिलं होतं.