जिन्यातली बादली

थोरला अंघोळ करून बाहेर आला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि आरशात बघतो तर काय, मिशा निळ्या! रहदारी खात्यात सगळी हयात घालवलेल्या आणि निवृत्तीनंतरही रोज न चुकता मिशीला कात्री लावणाऱ्या माणसाच्या या मिशा होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, चहाच्या भांड्यात शाई कुणी ओतली?"

दोघांनी एकदमच फरशीकडे बघितलं. फरशीखाली धाकटा भाऊ राहत होता, आणि या घरात जे काही वाईट व्हायचं ते खालूनच यायचं, असं वरच्यांचं ठाम मत होतं. खालच्यांचं मत अर्थातच उलट होतं.

धाकट्याची लाँड्री होती. दवाखान्यांचे कोट, हॉटेलांच्या चादरी असलं पांढरंफेक काम. त्यासाठी मागच्या अंगणात निळीच्या पाण्याचा हौद कायम भरलेला असायचा आणि नळाची रबरी नळी त्यात कायम बुडालेली. रस्त्यावरचा पाइप आधी धाकट्याकडे शिरायचा आणि मग जिन्यातून वर थोरल्याच्या टाकीकडे चढायचा. वर येईतो पाण्याला जोर उरत नाही म्हणून थोरल्याने पाइपला थेट मोटर लावली होती. रस्त्यावरून पाणी आलं नाही की मोटर तरी काय करणार? मिळेल ते ओढणार. त्या दिवशी तिने हौद ओढला.

भावाभावांत बोलणं असतं तर "अरे, नळी तेवढी बाहेर काढ" एवढ्यावर भागलं असतं. पण वडील गेल्यापासून बोलणं बंद होतं. कारण काय, तर जिन्यातला दिवा. तो कुणी लावायचा आणि कुणी घालवायचा यावरून सुरू झालेलं भांडण "तू मला कधी भाऊ मानलंस?" इथपर्यंत गेलं आणि दोघंही तिथून माघारी आले नाहीत. दिवाही तेव्हापासून बंदच होता.

मधल्यामध्ये आई. तिने दुपारी वर जेवायचं आणि रात्री खाली, अशी तिची वाटणी झाली होती. शिवाय इकडचे निरोप तिकडे न्यायचे, ते वेगळंच. गुडघे धरून ती जिना चढायची आणि भिंत धरून उतरायची. "माझ्या देखत एकदा एकमेकांशी बोला रे, मग मी डोळे मिटायला मोकळी," एवढंच तिचं मागणं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं तिला वेळच्या वेळी मिळत होतं.

"आई, त्याला सांग, हे त्याने मुद्दाम केलंय," थोरला निळ्या मिशांतून म्हणाला.

आई खाली गेली आणि धापा टाकत वर आली. "तो म्हणतो, तुझ्या मोटरने त्याची नीळ चोरली."

"चोरली? त्याला म्हणावं..."

"तू जाऊन म्हण. जिना तुलाही उतरता येतो," असं म्हणून आई पायरीवरच बसली.

थोरल्याने जिना उतरण्याऐवजी प्लंबर बोलावला.

प्लंबर फोन कानाला लावूनच आला. हौद, नळी, मोटर सगळं बघून म्हणाला, "काका, खालच्यांच्या नळावर नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवा. एकदा पुढे गेलेलं पाणी मागे येत नाही. विषय संपला."

"त्याच्या दारात मी पाऊल टाकणार नाही. माझ्या हद्दीत बसव. इथे, जिन्यात."

"इथे बसवून काय..." प्लंबर म्हणाला, पण थोरल्याचा चेहरा बघून त्याने पिशवीतून वॉल्व्ह काढला. "बरं, इथे. बाण वर ठेवतो."

"बाण वर? अरे, बाण दाखवण्यात माझा जन्म गेला! वर बाण म्हणजे 'या, वर या' असं आमंत्रणच की. खाली कर. खालचं खालीच राहिलं पाहिजे."

"काका, मग वर काहीच..."

"तू रहदारी खात्यात होतास का?"

प्लंबर नव्हता. शिवाय त्याला पुढच्या घरून सारखे फोन येत होते. टाकी धुऊन, पुन्हा भरून झालेलीच होती. त्याने बाण खाली करून वॉल्व्ह आवळला आणि तो चालता झाला. टाकीतलं पाणी उतरून जाऊ नये म्हणून थोरला रोज झोपताना पाइपची चावी बंद करायचा. त्या दिवशी केली नाही. आता वॉल्व्ह होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने नळ सोडला, तर पाणी असं धबाधबा आलं की बादली आडवी झाली. इतका जोर त्या नळाने कधी दाखवलाच नव्हता. धाकट्याने हौद भरला, पिंपं भरली आणि मग पाइप बघत बघत तो जिन्यापाशी आला. तिथे कोरा करकरीत वॉल्व्ह होता आणि त्यावरचा बाण थेट त्याच्या घराकडे होता. त्याने बाणावरून बोट फिरवलं.

"आई," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दादाने त्याची टाकी आपल्याकडे सोडलीय गं."

आईला थोरला चांगला ठाऊक होता. तिला हे मुळीच पटलं नाही. पण इतक्या वर्षांनी धाकटा जिन्याकडे तोंड करून उभा होता, म्हणून ती गप्प बसली.

वर थोरल्याने तोंडाला साबण फासला होता आणि नळातून नुसता वारा येत होता. दारावर थाप पडली. त्याने दार उघडलं, तर समोर धाकटा, हातात काठोकाठ भरलेली बादली. खाली चौथ्या-पाचव्या पायरीवर कठडा धरून आई उभी होती.

"दादा," धाकटा म्हणाला. "चूक माझीच होती. नळी हौदात ठेवायलाच नको होती. आणि तू बोल लावायचा सोडून आम्हाला टाकी दिलीस... तुम्हाला पाणी उरलं नसेल, म्हणून ही आणली."

थोरल्याला आधी काही कळलं नाही, मग सगळं कळलं. त्याने ओठांवरचा साबण मनगटाने पुसला.

"अरे, त्यात काय," तो कसाबसा म्हणाला. "आपलंच पाणी. ये, आत ये."

धाकट्याने उंबऱ्यात एक पाय ठेवला. आईने कठडा घट्ट धरला. तेवढ्यात आतून बायको फोन हातात नाचवत आली. "अहो, प्लंबर म्हणतोय बाण उलटा आहे! आणि तो तुम्हीच उलटा करायला लावलात! आपली अख्खी टाकी गेली त्या खालच्या..." पुढचा शब्द तिने धाकट्याला बघून गिळला, पण तो ऐकू यायचा तेवढा आलाच.

"म्हणजे चुकून झालं?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज अजून मऊच होता. "चुकून तर चुकून, दादा. असू दे."

थोरल्याने फक्त "हो" म्हणायचं होतं. पण रहदारी खात्यातला माणूस, आणि त्याचा बाण चुकला? तेही बायकोदेखत, धाकट्यासमोर? त्यापेक्षा दुष्टपणा पत्करला.

"चुकून कसं? बाण बरोबरच होता," तो ताठ होऊन म्हणाला. "तुझ्या घरची घाण वर येऊ नये म्हणून मुद्दाम खाली केला."

धाकट्याने उंबऱ्यातला पाय मागे घेतला, बादली अलगद खाली ठेवली आणि तो आईच्या बाजूने उतरून गेला. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

थोरला तसाच उभा राहिला. साबण वाळला, गाल चरचरू लागले, तेव्हा त्याने त्याच बादलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. दुपारी प्लंबरने येऊन वॉल्व्ह फिरवला. खाली नळी हौदाबाहेर आली होती, त्यामुळे वर स्वच्छ पाणी चढलं, मिशाही धुऊन पांढऱ्या झाल्या.

प्रश्न उरला रिकाम्या बादलीचा. खाली नेऊन देणं थोरल्याच्या मानात बसेना. त्याने ती जिन्याच्या मध्यावर ठेवून दिली. ती उचलायला तिथवर चढणं धाकट्याला कमीपणाचं वाटलं. ती अजून तिथेच आहे. आई दुपारी चढताना तिला भिंतीकडे सरकवते आणि रात्री उतरताना कठड्याकडे. जिन्यात दिवा नाही, म्हणून आधी पायाने चाचपून बघावं लागतं.

आता ती कुणाकडे काही मागत नाही. मुलं तिच्या देखत एकदा बोलली होती.