उन्हावरचे मासे

"आजपासून दिवसा विकतच्या विजेचं एक युनिटही जाळायचं नाही!" असं जाहीर करून शास्त्रज्ञांनी विजेच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि किल्ली थेट सासऱ्यांच्या हातात ठेवली. शास्त्रज्ञ हे घरच्यांनी दिलेलं नाव बरं का! धंदा मत्स्यपालनाचा. शेडमध्ये माशांच्या चार गच्च भरलेल्या टाक्या आणि त्यांत अखंड हवा सोडणारे पंप. त्या पंपांचं बिल पाहून बायकोने हाय खाल्ली, म्हणून शेडमागे सौर पॅनल बसले.

सासरे धंद्यात अर्धे भागीदार. "आणि पंप बंद पडले तर?"

"सूर्य संपावर जात नाही, बाबा!"

किल्ली खिशात टाकून सासरे उद्घाटनासाठी दाढी करायला आपल्या घरी गेले.

उद्घाटन म्हटलं की पडदा हवाच! साडेदहाला शास्त्रज्ञांनी हॉलचे दोन्ही जाड पडदे काढले, पॅनलवर घट्ट बांधले आणि नवा शर्ट घालायला घरात पळाले. बटणं लावून जमलेल्या पाहुण्यांना घेऊन शेडमध्ये येतात तो काय, पंप गप्प! चारही टाक्यांत मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत!

"किती गोड! स्वागताला आलेत," शेजारच्या काकू म्हणाल्या.

गोड कसले! जीव चालला होता त्यांचा. शास्त्रज्ञांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फ्यूज पाहिला, वायरी ओढल्या, पंपाला दोन चापट्या मारल्या. शेवटी पाहुण्यांना बादल्या वाटल्या. "पाणी उचला, वरून ओता! हवा मिसळू द्या!" इस्त्रीचे कपडे चिंब झाले. काकू तर चहाच्या ट्रेने पाणी बडवू लागल्या!

"अहो, बाबांना फोन करा, किल्ली मागा!" बायको ओरडली.

"माझं नाक कापलं जाईल!"

"नाक तुमचं असेल हो, पण श्वास माशांचा कोंडलाय!"

शास्त्रज्ञांनी टाकीत पाहिलं. बोटाएवढी पिल्लं होती तेव्हापासून त्यांना हाताने खाऊ घातलं होतं. शास्त्रज्ञांना खरंच रडू आलं. मुकाट्याने फोन लावला. "बाबा, चुकलो. किल्ली घेऊन या. लवकर!"

सासरे धावत आले ते एका गालाला साबण तसाच! पेटी शेडमागे, पॅनलच्या पलीकडे. दोघं तिथे पोचले आणि सासरे थबकलेच.

"जावईबापू, सूर्याला पडद्याआड कोणी बसवलं?"

शास्त्रज्ञांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. अगदी टाकीतल्यासारखं!

सासऱ्यांनी गाठी सोडून पडदे ओढले, तशी शेडमध्ये बुडबुड सुरू झाली. धापा टाकणाऱ्या पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "वा! आधी बंद, मग चालू! काय फरक दाखवलात!"

"हो, प्रात्यक्षिकच होतं ते," सासरे शेडमध्ये येत शांतपणे म्हणाले. शास्त्रज्ञांना त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सासऱ्यांनी गालाचा साबण पडद्याला पुसला, किल्ली जावयाच्या हातात दिली आणि हळूच म्हणाले, "ही ठेवा तुमच्याकडेच. पडदे मात्र मी घेऊन जातो."