कवी शेवटी मरतो का?

वाचनालयाच्या हॉलमध्ये मी प्रोजेक्टरची वायर लावत असलो की मागून आवाज येतोच : "हाऊ मरस का?"

हा मरतो का? हा म्हणजे पिक्चरमधला कवी. विचारणारे आमचे शेजारी आबा. एरंडोलसारख्या गावात महिन्याला एक पिक्चर दाखवायचा, आणि तेही गेल्या पावसाळ्यापासून सगळे कवींच्या आयुष्यावरचे, हे माझंच खूळ. गावाने ते खपवून घेतलं, पण आबांनी मनावर घेतलं. सगळ्यांच्या आधी येऊन दाराजवळची खुर्ची धरायची, चपला पायातच ठेवायच्या आणि कवी मरायला टेकला की बाहेर पळायचं. थोड्या वेळाने दारातून डोकं आत : "गया का?"

मधला वेळ तर विचारूच नका. कवी खिडकी उघडून पाऊस बघायला लागला, तेव्हा आबा उभे राहून ओरडले, "अरे, खिडकी लाव ना!" कवीने खिशात हात घातला की रुमालच निघणार आणि त्यावर रक्तच दिसणार, ही भीती त्यांनी अख्ख्या हॉलला लावली. परवा एका कवीने खिशातून नुसतं पेन काढलं, तर बायांनी "हुश्श" केलं. खोटं कशाला सांगू, मीही केलं.

बरं, माणूस कवितेचा शौकीन म्हणावा, तर तेही नाही. त्यांची बायको, आमच्या अक्का, पोरींची लग्नं उरकल्यावर कविता करायला लागल्या. सुरुवातीच्या कविता भयंकर होत्या. साबणावर एक होती, भरिताच्या वांग्यावर तर तीन भाग होते. तेव्हा हाच माणूस कॉलनीभर "वाहवा, वाहवा" करत फिरायचा.

आणि यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अक्कांनी दोन ओळी म्हटल्या :

"तुमच्या अंगावरचा कापूस झाडता झाडता
माझेच केस पांढरे झाले."

आबांचा जन्म धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात गेलेला. बायांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि व्हरांड्यातून आबा गरजले, "नही जमनी! बठ्ठी बिघडी गई!" नाही जमली, सगळी बिघडली.

मला असा राग आला! तेव्हापासून अक्कांची कविता कितीही चांगली होवो, यांचं ठरलेलं, नही जमनी. अक्का नुसत्या हसायच्या आणि हसता हसता खोकायच्या. खोकला दिवाळीपासून होता.

गेल्या महिन्यातल्या पिक्चरला आबा बाहेर गेले ते "गया का?" विचारायला परत आलेच नाहीत. बघतो तर पायरीवर बसलेले, सदरा घामाने चिंब. मी पाणी दिलं आणि झापलंही, "आबा, एवढं भ्या वाटतं तर येता कशाला?"

"देखाले येस," ते म्हणाले. "घरना लोके काय चुकतस, ते देखाले."

मला काही कळेना. मग त्यांनी माझा हात धरला.

"तुमना बठ्ठा पिक्चरमा एकच शे, भाऊ. कविता जमाले लागनी का मानूस जास. आन तिन्या आते जमाले लागन्यात."

तिच्या म्हणजे अक्कांच्या. मी हसणार होतो. हसू आलं नाही. डॉक्टरांनी अक्कांच्या छातीचा फोटो बघून जळगावला मोठी तपासणी करायला सांगितलं होतं, हे मला तेव्हा कळलं. हा वेडा माणूस बायकोची प्रत्येक कविता वाईट ठरवून तिला वाचवत होता.

रिपोर्टच्या दिवशी मीच त्यांना गाडीने जळगावला नेलं. वाटेत आबा पाण्याची बाटली घ्यायला उतरले आणि मी अक्कांना सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. अक्का खिडकीबाहेर बघत बोटांवर अक्षरं मोजायला लागल्या.

दवाखान्यात बाकावर आम्ही तिघं. शिपाई एकेक नाव पुकारत होता. प्रत्येक नावाला आबा अर्धे उठायचे आणि परत बसायचे. अक्का एकदम म्हणाल्या, "ऐका हो, आत्ताच सुचली."

"आते नको," आबा कळवळले.

अक्कांनी म्हटलीच :

"खोकल्या रे खोकल्या, जा धुळ्याला,
कढी केली मी आज मुळ्याला."

आबांनी मान वर केली. त्यांनी ती ओळ मनात घोळवून पाहिली असावी. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"बेकार!" ते म्हणाले. "अगदी बेकार! मुळ्याले कढी? काही अर्थ शे का?" आणि ते चक्क हसले, डोळे पुसत हसले. समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

तेवढ्यात अक्कांचं नाव पुकारलं. आबा ताठ उठले, पुढे झाले, दार धरून उभे राहिले. अक्का उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन वाकल्या.

"चांगली कविता घरी लिखी ठेवेल शे," त्या माझ्या कानात म्हणाल्या, आणि आत गेल्या.