एकशे चौदा नंबरची जागा

सकाळचा दुसरा चहा गाळत असताना बाईंना कळलं की आपण पदवीधर नाही.

हे सांगायला विद्यापीठाचे दफ्तरदार स्वतः घरी आले होते. तान्ह्या बाळाला धरावं तसं त्यांनी एक जुनं रजिस्टर दोन्ही हातांत धरलं होतं. विद्यापीठाची शताब्दी पाच आठवड्यांवर आली होती आणि सहा महिने ते जुनी दफ्तरं चाळत होते.

"बाई, तुम्ही भौतिकशास्त्रात पहिल्या आलात, ते पक्कं आहे," ते म्हणाले. "पण शेवटच्या सत्रात चॅपलच्या सक्तीच्या प्रार्थनेला एकवीसपैकी एकवीस दिवस गैरहजर आहात. आणि त्या हजेरीशिवाय पदवी नाही."

"मी एकही दिवस चुकवला नाही!"

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"अजून तरी तुम्हीच."

रजिस्टरात बाईंच्या एकशे चौदा नंबरपुढे एकवीस फुल्या होत्या. विद्यापीठ तेव्हा नुसतं कॉलेज होतं. समासात त्या वेळच्या प्राचार्यांनी निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मुलगी हुशार आहे. पदवी द्यावी. राहिलेली हजेरी सवडीने भरून घ्यावी.' पुढे ते प्राचार्य निवृत्त झाले आणि सवड सेहेचाळीस वर्षं कुणालाच झाली नाही.

बाईंनी चष्मा पुसून फुल्या पुन्हा मोजल्या. एकवीसच होत्या. याच पदवीच्या जोरावर त्यांनी चौतीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं होतं. शिवाय त्या कॉलेजात हा विषय घेणारी पहिली मुलगी म्हणून शताब्दीच्या दिवशी नव्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटीसुद्धा तयार होती.

"एवढ्याशासाठी काय! कुलगुरूंना सांगा, माफ करून टाका म्हणावं," बाईंची लेक आतून म्हणाली.

"त्यांना?" दफ्तरदारांनी आवाज खाली आणला. "अहो, त्याच सत्रात पूर्ण हजेरीचं बक्षीस त्यांना मिळालंय! ते म्हणाले, एकवीस दिवस भरा, शताब्दीच्या आत."

बाईंना आठवलं. कुलगुरू त्यांच्याच वर्गातले. ते बक्षीस मिळाल्यापासून सगळी मुलं त्यांना 'शंभर टक्के' म्हणायची. बक्षीस होतं गजराचं घड्याळ.

हजेरी भरायची तर विद्यार्थी असायला हवं, म्हणून बाईंना रीतसर प्रवेश घ्यावा लागला. अर्जावर पालकांची सही हवी होती. ती लेकीने केली.

"आई, तुझ्या वर्तणुकीची जबाबदारी आता माझ्यावर आहे," ती म्हणाली. "वर्गात बोलू नकोस. डबा संपव."

चॅपलच्या दारात बोट टेकवायचं यंत्र होतं. बाईंनी दहाही बोटं टेकवून पाहिली. चौतीस वर्षांच्या खडूने ती इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्राने एकही ओळखलं नाही. पाठीमागे मुलांची रांग वाढत गेली. शेवटी दफ्तरदारांनी कपाळाचा घाम पुसला. "बाई, तुम्ही जुन्या पद्धतीनेच बसा. मी गॅलरीतून बघतो."

जुनी पद्धत बाईंना चांगली ठाऊक होती. विद्यापीठाची सुरुवात चार खोल्या, एक विहीर आणि एक चॅपल एवढ्यावर झाली होती. वर्गांवर छप्पर चढायच्या आधी चॅपलवर चढलं. आत दोनशे चाळीस जागा, प्रत्येकीवर पितळी आकडा, आणि रोल नंबरप्रमाणे तिथेच बसायचं. वर गॅलरीत एक गृहस्थ पेन्सिल घेऊन रिकाम्या जागांवर फुल्या मारायचे. भरलेल्या जागेत कोण बसलंय, हे पाहणं त्यांच्या कामात नव्हतं.

आत पाऊल टाकताच लाकडाच्या पॉलिशचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा तोच वास आला आणि बाई एकदम एकवीस वर्षांच्या झाल्या. कोपऱ्यातल्या बाजाच्या पेटीचा एक सूर तेव्हाही दबका निघायचा, आजही निघाला. त्यांना उगीचच भरून आलं. एकशे चौदाचा आकडा बोटाने पुसून त्या खाली बसल्या.

डावीकडच्या मुलीने विचारलं, "आजी, नवीन अॅडमिशन?"

"नाही, जुनीच. एक विषय राहिलाय."

"बाप रे! मग उद्या तुम्ही माझ्या जागेवर बसाल का? माझंही बोट ते यंत्र घेत नाही, आणि मला झोपायचंय. वरून त्या काकांना काय कळतंय!"

"आमच्या वेळी असलं काही चालत नसे," बाई ताठ होत म्हणाल्या आणि समोर पाहिलं. समोर खांब होता. नाकासमोर, माणसाएवढा रुंद, पांढरा खांब.

हा खांब आपल्याला मुळीच आठवत नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. एकवीस दिवस इथे बसलो असतो तर तो जन्मभर डोळ्यांसमोरून हलला नसता. मग आपण बसत होतो कुठे?

उत्तर घरी माळ्यावरच्या पेटीत सापडलं. त्या सत्रातल्या एका वहीच्या मागच्या पानांवर एकवीस तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकच नोंद: 'दिव्याचे वीस झोके, ऐंशी सेकंद.' मधल्या घुमटातून लांब साखळीने टांगलेला दिवा दारातल्या वाऱ्याने हलायचा. प्रवचन चालू असताना त्या त्याचे झोके मोजत. एकशे चौदावरून खांब आड यायचा. शेजारची एकशे पंधरा पहिल्याच दिवशी रिकामी होती, म्हणून त्या सरकल्या. दुसऱ्या दिवशीही ती रिकामीच होती. अख्खं सत्र रिकामी होती.

सकाळी प्रार्थना संपल्यावर बाईंनी हे सांगितलं तेव्हा दफ्तरदारांनी रजिस्टर उघडलं. एकशे पंधरापुढे एकही फुली नव्हती. नाव वाचून त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, हे तर कुलगुरू."

"म्हणजे शंभर टक्के," बाई म्हणाल्या.

"वही द्या. झेरॉक्स काढून फाइलला लावतो. माझ्याकडे प्रत्येक गोष्ट फाइलला लागते."

त्याच दुपारी बाई मूळ वही पर्समध्ये घालून कुलगुरूंच्या खोलीत गेल्या. टेबलावर ते गजराचं घड्याळ होतं. त्या बघताहेत हे पाहून कुलगुरू हसले.

"तुम्ही माझ्या वर्गातल्या, म्हणून सांगतो. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "त्या सत्रात मी एकदाही चॅपलला गेलो नाही."

बाईंचा हात पर्सच्या चेनवर थांबला.

"सुटीत वडील गेले होते. देवाशी माझं बोलणं बंद होतं. मी खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचो. नापास होणार हे नक्की, म्हणून ट्रंक भरून ठेवली होती. आणि बक्षीस समारंभात माझंच नाव पुकारलं! मला वाटलं, थट्टा करताहेत. पण रजिस्टरात माझी जागा रोज भरलेली. मी झोपलो होतो, आणि माझी जागा कुणीतरी भरत होतं. त्या दिवशी ट्रंक रिकामी केली. धर्मशास्त्र घेतलं, चर्चचा पाळक झालो." त्यांनी घड्याळाला हळूच हात लावला. "सांगा बाई, कोण बसत असेल तिथे?"

चौतीस वर्षांत बाईंनी विद्यार्थ्याचा एकही प्रश्न उत्तराविना सोडला नव्हता. त्यांनी पर्सची चेन बंद केली.

"प्रश्न अवघड आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही काही दाखवणार होता?"

"छे, छे. उरलेले एकोणीस दिवस मी येतेय, एवढंच सांगायला आले होते."

"आई, पुरावा हातात होता तुझ्या!" घरी लेक कडाडली.

"होता. पण त्या जागेवर माझी चौतीस वर्षांची नोकरी उभी आहे, आणि त्याची सेहेचाळीस वर्षांची श्रद्धा."

मग बाई रोज जाऊन खांबासमोर बसू लागल्या. आठवडाभरात त्यांना ते आवडायलाही लागलं. शेजारची मुलगी त्यांच्याकडून गणितं सोडवून घेऊ लागली आणि त्या नादात दोन वेळा झोप मोडून प्रार्थनेला आली. गीतांच्या चाली त्याच होत्या, फक्त बाईंचा आवाज आता एक पट्टी खाली आला होता. विसाव्या दिवशी, उद्यापासून सकाळी करायचं काय, या विचाराने त्या जरा खट्टूच झाल्या.

एकविसाव्या दिवशी प्रार्थना सुरू होता होता कुणीतरी शेजारी एकशे पंधरावर येऊन बसलं. कुलगुरू होते. हातात गजराचं घड्याळ होतं.

"तुमची फाइल काल सहीला आली," ते पुटपुटले. "दफ्तरदारांनी सगळं जोडलंय. वीस झोके, ऐंशी सेकंद."

बाईंनी डोळे मिटले. "वही लावू नका, हे मी त्यांना सांगायचं विसरले. चूक झाली माझी."

"चूक कसली? माझे एकवीस आजपासून." त्यांनी घड्याळ बाईंच्या मांडीवर ठेवलं. "हे तुमचं. आणि तो दिवा नेमका कुठून दिसायचा?"

"तुम्ही बसलाय तिथून."

कुलगुरूंनी मान वर केली आणि बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"दोनशे चाळीस जागा आहेत इथे," ते म्हणाले. "आणि दिवा बघायला तुम्ही सरकलात ते माझ्याच जागेवर."

"दृष्टिरेषेचा साधा प्रश्न आहे. खांबाची जाडी लक्षात घेतली तर..."

"असू दे, असू दे. तुम्ही तुमचं म्हणा, मी माझं म्हणतो."

प्रवचन सुरू झालं. पाचव्या मिनिटाला कुलगुरूंची मान छातीवर उतरली आणि ते संथपणे घोरू लागले. वर गॅलरीत दफ्तरदारांनी दोन जागा पाहिल्या, दोन्ही भरलेल्या होत्या. पेन्सिल उचलायचं कारणच नव्हतं.

दारातून वारा आला. साखळी किंचित कुरकुरली. दिवा हलला असणार. बाईंनी मांडीवरचं घड्याळ सरळ धरलं आणि सवयीने उजवीकडे सरकायला गेल्या.

जागा भरलेली होती.