वजन गेलं म्हणायचं नाही

जळगावहून धुळ्याला जाणारी एसटी निम्मी रिकामी असली, तरी आमचे नाना शेवटच्या सीटवरच बसतात, आणि मलाही बसवतात. का, तर गतिरोधकावर मागची सीट सगळ्यात जास्त उडते. तो दिसला की नाना पाय उचलतात आणि ओरडतात, "आला! सोडा हात!" आम्ही दोघं उडतो. माझं डोकं वरच्या फळीवर आपटतं. नाना खुशीत असतात. "अर्धा सेकंद भारहीन झालो! गुडघ्यावर तोळाभर भार नाही! वर जातानाही आपण पडतच असतो, कळलं?" मला फक्त टेंगूळ कळतं.

नाना माझे शेजारी, भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. महिन्यातून एकदा अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, गुडघ्यांची औषधं आणायला ते धुळ्याला जातात. माझी ऑफिसची खेप नेमकी त्याच दिवशी असते. नशीब माझं.

एकदा टीव्हीवर तरंगणारे अंतराळवीर पाहून मी म्हणालो, "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं ना." झालं! नाना चहा तसाच ठेवून उठले.

"ते कुठं जातंय? हे लोक यानासकट पडताहेत. खालून टेकू नाही, म्हणून वजन जाणवत नाही. वजन गेलं म्हणायचं नाही!"

मला पटावं म्हणून त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीला भोक पाडलं, पाणी भरलं आणि ती माझ्या गच्चीवरून सोडून दिली. पडताना भोकातली धार थांबते म्हणे. थांबलीही असेल. मी खाली बायकोनं वाळत घातलेल्या बिबड्यांकडे, म्हणजे ज्वारीच्या पापडांकडे, बघत होतो. बाटली बरोबर त्यांच्या मधोमध पडली. पुढचे दोन दिवस घरात मला कुणी चहा विचारला नाही.

तरी मी सुधारलो नाही. पोहताना हलकं वाटतं, तीही भारहीनताच, असं एकदा बोलून गेलो. "पाणी खालून ढकलतं! ती भारहीनता नव्हे!" म्हणत नानांनी आठ दिवस अबोला धरला. फार सुखाचे दिवस होते ते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या भडगावच्या मळ्यात गेलो. अक्कांचं हृदय नाजूक, त्यामुळे गुडघ्यांचं ऑपरेशन करता येत नाही, हे मला तिथं कळलं. घरात त्या भिंत धरून चालायच्या. मळ्यातल्या हौदाला नानांनी मुद्दाम पायऱ्या बांधून घेतल्या होत्या. छातीभर पाण्यात अक्का या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होत्या, चक्क हसत. नाना कपड्यांसकट पाण्यात उतरून त्यांच्या मागं मागं होते.

"दखा भाऊ," अक्का मला म्हणाल्या, "आंगनं बठ्ठं वजन गयं!"

अंगाचं सगळं वजन गेलं म्हणे! इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी मी कशी सोडणार? घसा खाकरून म्हणालो, "अक्का, वजन गेलं म्हणायचं नाही. पाणी खालून ढकलतं, ती काही..."

"चूप बसा हो!" नाना खेकसले. मग अक्कांकडे वळून हळूच म्हणाले, "गयं, बठ्ठं गयं. चाल, एक फेरा मार."

मला माझीच लाज वाटली.

पाण्याबाहेर येताना पायरीवर पाऊल ठेवताच अक्का कळवळल्या. नानांनी त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघं एकेक पायरी चढत वर आले.

पुढच्या महिन्यात धुळ्याच्या गाडीत मी आपणहून शेवटच्या सीटवर जाऊन बसलो. गतिरोधक आला. नानांच्या आधी मी हात सोडले. डोकं आपटलंच.